घरातील ज्येष्ठांची रोजची निगा : सवय कोणती आणि नाइलाज कोणता, हे कसे ओळखावे?

कडक_भाकरी (धागाकर्ती)

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. आमचे घर सोलापूरच्या भवानी पेठेतील जुन्या बांधणीचे असून त्या माडीवर राहतात, कारण खिडकी आणि देवघर दोन्ही तेथेच आहेत. मोरी आणि संडास मात्र खाली अंगणाच्या कडेला आहेत. त्यांनी तीसेक वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. त्या बैठकीने गुडघे आखडले आहेत, पण त्याविषयी त्या कधी तक्रार करत नाहीत.

मार्च महिन्यात त्यांना नेहमीच्या तपासणीसाठी नेले, तेव्हा डॉक्टरांनी सहा प्रश्न विचारले : आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणावरून उठणे-बसणे, लघवी-शौचावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. सहाही प्रश्नांना आईंनी ठामपणे ‘हो’ म्हटले आणि मीही मान डोलावली. (ही सूची अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली होती, हे मला नंतर वाचनातून समजले.) त्यानंतर महिनाभरातच, एप्रिलच्या उन्हाळ्यात, पहाटे जिना उतरताना त्यांना भोवळ आली. कठडा हाती लागला म्हणून केवळ कोपर खरचटण्यावर निभावले. अंगातील पाणी कमी झाले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

आई दुपारी चारनंतर जवळजवळ पाणी पीत नाहीत, हे मला ठाऊक होते, आणि ती त्यांची जुनी सवय आहे असेच मी वर्षानुवर्षे धरून चालले होते. ‘आमच्या आईंना पाणी कमीच लागते’ असे मी पाहुण्यांना कौतुकाने सांगतही असे. खरे कारण मला शेजारच्या काकूंकडून समजले : रात्री लघवीसाठी अंधारात जिना उतरावा लागू नये, म्हणून आई पाणी तोडत होत्या. त्यांनी हे काकूंना सांगितले आणि मला सांगितले नाही, ही गोष्ट मला अजून बोचते.

तेव्हापासून मी त्यांच्या इतर वागण्याकडेही शंकेने पाहू लागले आहे. त्या उन्हाळ्यातही दिवसाआड आंघोळ करतात, अर्ध्या बादलीत उरकतात, गाऊन घालायला नकार देतात, पायांना तेल लावतात पण डोक्याला लावत नाहीत. यांतले त्यांच्या आवडीचे काय, केवळ सवयीचे काय आणि दुसरा मार्ग नाही म्हणून पत्करलेले काय, हे कसे ओळखावे? आपापल्या घरचे अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

पूर्व_भाग

धागा महत्त्वाचा आहे. आमचे आजोबा आधी हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर मिळून चाळीसहून अधिक वर्षे काम करत होते. यंत्रमागाच्या खटखटाटाने कारखान्यातील जुन्या लोकांचे कान जातात हे आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. तरीही त्यांचा ‘हो’ हा ऐकून दिलेला ‘हो’ आहे की न ऐकता दिलेला, याचा विचार आमच्या घरात कोणी केला नव्हता. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की ते मान डोलवत असत.

दुसरी अडचण भाषेची होती. ते बाजारात, बँकेत आणि दवाखान्यात उत्तम मराठी बोलतात, परंतु शरीराच्या आतल्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे शब्द आहेत ते तेलुगूत. मराठीत विचारले की ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळत असे. माझ्या आत्याने एकदा त्यांच्या उजव्या बाजूला बसून, म्हणजे ज्या कानाने थोडे ऐकू येते त्या बाजूला बसून, तेलुगूत सावकाश विचारले, तेव्हा दाताच्या कवळीने हिरडी सोलली आहे आणि म्हणून दोन आठवड्यांपासून ते भाकरी कालवणात भिजवून गिळत आहेत, हे बाहेर आले. आम्ही समजत होतो की त्यांना आता कडक भाकरी आवडेनाशी झाली. (धागाकर्तींच्या नावावरून हे आठवले, गैरसमज नसावा.)

निवृत्त_परिचारिका

सेवाकाळात वृद्ध रुग्णांच्या खाटांशेजारी फार वर्षे घालवली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

त्या सहा प्रश्नांवर राग धरू नये. ते मोजणीसाठी आहेत. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यातही आंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणे अशाच गोष्टी विचारल्या होत्या, कारण एवढ्या मोठ्या संख्येला दुसरे काही विचारणे शक्य नसते. मात्र ‘करू शकता का’ आणि ‘कसे करता’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. तुमच्या आई संडासला जाऊ शकतात, यात खोटे काहीच नव्हते. त्यासाठी त्या काय किंमत मोजतात, हे विचारायला त्या सूचीत जागा नाही.

घरात विचारताना मी एकच पद्धत वापरत असे. ‘तुम्ही रोज काय करता’ असे विचारले की माणूस जे करायला हवे ते सांगतो. त्याऐवजी ‘काल पहाटे डोळे उघडल्यावर सगळ्यात आधी काय केले, आणि मग?’ असे विचारावे आणि प्रत्येक ‘मग’नंतर गप्प बसावे. कालचा दिवस खरा असतो, त्यामुळे त्यात रात्रीचा जिनाही येतो, गोळी चुकल्याचेही येते आणि शेजारणीकडे प्यायलेला चहाही येतो. हे ऐकताना हातात वही घेऊ नये. शेंगा सोलत, भाजी निवडत बसावे. समोर कागद दिसला की सगळे सरळ बसून परीक्षेची उत्तरे देऊ लागतात.

आता तुमच्या तपशिलांविषयी. वयोमानाने तहानेची जाणीवच मंद होते, म्हणून ‘तहान लागत नाही’ हे उत्तर खरे असू शकते आणि तरीही शरीराला पाणी हवे असते. कातडीतील तेलकटपणा कमी होतो, त्यामुळे रोज कढत पाणी आणि भरपूर साबण वापरणाऱ्या वृद्धांना खाज सुटते. दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या कपड्याने अंग पुसणे हे वैद्यकीय दृष्ट्या मुळीच वाईट नाही. पायांना तेल लावणे चांगले, पण आंघोळीच्या आधी लावून ओल्या फरशीवर जाणे धोक्याचे. साखरेचा आजार असेल तर पायाला चटका कळेनासा होऊ शकतो, म्हणून पाण्याचा ऊनपणा दुसऱ्याच्या हाताने किंवा स्वतःच्या कोपराने पाहावी आणि तळपाय रोज उजेडात पाहावेत. ब्लेडने कुरूप कापण्याची आपल्याकडील जुनी खोड मात्र सवय म्हणूनही चालवून घेऊ नये. तसेच मिसरी. आपल्या जिल्ह्यात कितीतरी आज्या ‘दात घासते’ म्हणतात, तेव्हा त्या भाजलेली तंबाखू हिरड्यांना लावत असतात, आणि तिच्याने तोंडाचा कर्करोग होतो. दात कशाने घासता, हे म्हणून मुद्दाम विचारावे.

जुनी_मिल

या धाग्यावर आमच्याविषयी बरीच चर्चा चालली आहे, म्हणून आमच्यापैकी एकाने लिहावे हे योग्य. माझे वय ७४ आहे, टंकलेखन एका बोटाने करतो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात.

आम्ही ‘हो’ का म्हणतो, हे आधी सांगतो. एकदा ‘जमत नाही’ म्हटले की ते काम कायमचे हातातून जाते. मी गेल्या वर्षी बँकेच्या पासबुकातील बारीक अक्षर दिसत नाही एवढेच बोललो, तर दुसऱ्या दिवशी पासबुक मुलाच्या कपाटात गेले. अशा अनुभवानंतर आंघोळीविषयी कोण खरे सांगेल? मोरीचे दार मी कडी न लावता नुसते लोटून घेतो, एवढी तडजोड मी स्वतः होऊन केली आहे. परंतु आत माझी बादली आणि माझा तांब्या असतो, आणि पाणी अंगावर कधी घ्यायचे हे मी ठरवतो. मुलाने बसवलेल्या हातात धरायच्या फवाऱ्याला मी हात लावलेला नाही. त्यातून येणारे पाणी किती गरम असेल, याचा मला भरवसा वाटत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. माझी इष्टलिंग पूजा आंघोळीनंतर होते आणि पूजेआधी मी काही खात नाही. हे लहानपणापासून असे आहे. पूर्वी साडेपाचला आंघोळ, सहाला विभूती लावून पूजेला, पावणेसातला चहा आणि दशमी, असा क्रम होता. मागच्या हिवाळ्यात गारठ्याचे कारण सांगून मुलाने आणि सुनेने ठरवले की मी दहा वाजता, ऊन आल्यावर आंघोळ करावी. हेतू चांगलाच होता. साखरेची गोळी मात्र डब्यावर ‘सकाळी ७’ लिहिलेल्या खणात होती, ती मी सातला घेत राहिलो. आंघोळ दहाला, पूजा साडेदहाला, खाणे अकराच्या पुढे. तिसऱ्या दिवशी पूजेला बसलो असताना हात थरथरू लागले, घामाने सदरा भिजला आणि समोरची समई दोन दिसू लागली. नातवाने धावत जाऊन गूळ तोंडात घातला. डॉक्टरांनी नंतर विचारले की गोळी आणि जेवण यांत चार तास का गेले, तेव्हा घरातील कोणालाच उत्तर देता येईना, कारण आंघोळीचा गोळीशी संबंध आहे हे त्यांना माहीतच नव्हते. मला माहीत होते. मला कोणी विचारले नव्हते.

तेव्हा ताई, सासूबाईंची एखादी गोष्ट बदलण्याआधी तिच्यानंतर काय काय येते ते पाहावे. आमचा दिवस मागावरच्या ताण्यासारखा असतो, एक धागा ओढला की पलीकडचा सैल पडतो.

आवड कधीच बदलत नाही असेही नाही. धोतर सोडून मी नाडीऐवजी इलास्टिकची विजार घालू लागलो, ते कोणी न सांगता, बोटे आखडल्यामुळे. बटणांचे सदरे गेले, गळ्यातून घालायचे आले. मात्र जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदीच घालतो. तिचे बंद मला आता बांधता येत नाहीत. ते नातू बांधतो, आणि सुनेने मदत देऊ केली तरी मी नातवाचीच वाट पाहतो. याला हट्ट म्हणायचे असल्यास म्हणावे.

पुण्यातला_सोलापूरकर

जुनी_मिल काकांचा प्रतिसाद वाचून लाज वाटली, म्हणून माझाही किस्सा लिहितो.

मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि आई विजापूर रोडवरील घरी एकटी असते. दोन वर्षांपूर्वी खर्च करून तिच्या खोलीला लागून नवे न्हाणीघर बांधले : कमोड, त्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे, बसायला भिंतीत पक्के केलेले आसन. दर रविवारी फोनवर विचारतो, ‘नवे बाथरूम वापरतेस ना?’ ती म्हणते, ‘वापरते की.’ दिवाळीला गेलो तेव्हा पाहिले, ती खरोखरच वापरत होती. आमच्या भागात नळ चार दिवसांआड येतो, म्हणून तिने तेथे दोनशे लिटरची दोन पिंपे भरून ठेवली होती, आसनावर घागरी मांडल्या होत्या आणि दांड्यांवर टॉवेल वाळत होते. सोलापुरात दांडा दिसला की त्यावर टॉवेल जाणारच! आई स्वतः मागच्या दारच्या उघड्या मोरीत, कपडे धुवायच्या दगडावर बसून आंघोळ करत होती.

मी चिडलो. तिने शांतपणे सांगितले की नवी फरशी गुळगुळीत आहे आणि ओली झाली की तिला त्यावर पाय ठेववत नाही. दगड खडबडीत आहे, बसायला योग्य उंचीचा आहे, आणि आंघोळीचे पाणी कढीपत्त्याच्या झाडाला जाते. या तिन्ही गोष्टी बांधकामाआधी दहा मिनिटांत कळल्या असत्या. आता दगडाशेजारच्या भिंतीत एक दांडा बसवला आहे आणि वर पत्र्याचे छप्पर केले आहे. पिंपे जिथे होती तिथेच आहेत.

निवृत्त_परिचारिका

जुनी_मिल, आपल्याला जे झाले ते साखर एकदम उतरल्यामुळे झाले, आणि ते वृद्धांमध्ये फार घातक ठरू शकते. औषधाच्या चिठ्ठीवर ‘सकाळी’ लिहिलेले असते, पण माणसाची सकाळ केव्हा सुरू होते आणि तो पहिला घास केव्हा घेतो, हे डॉक्टरांना सांगावेच लागते. उपवास करणाऱ्यांनी तर आवर्जून सांगावे.

धागाकर्तींना एक विचारते : आईंच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एखादी आहे का, आणि ती त्या केव्हा घेतात?

कडक_भाकरी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मधल्या काळात मी आपण सांगितले तसे केले. भाजी निवडायला माडीवर आईंजवळ बसू लागले आणि ‘काल’पासून सुरुवात केली.

परिचारिकाताईंची शंका खरी ठरली. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी होती. ती सकाळची होती, पण सकाळी खाली-वर करताना विसरायला नको म्हणून आईंनी स्वतःच्या सोयीने सगळ्या गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर एकत्र घ्यायचे ठरवले होते. म्हणजे एकीकडे लघवी लागू नये म्हणून पाणी तोडायचे आणि दुसरीकडे लघवीची गोळी घेऊन झोपायचे, असे किती महिने चालले होते कोणास ठाऊक. डॉक्टरांना दाखवून ती गोळी पुन्हा सकाळी घ्यायचे पक्के केले. पाणी किती चालेल तेही विचारले, आणि आता पहाटेपासून दुपारपर्यंत दोन तांबे संपवायचे ठरले आहे. रात्रीसाठी माडीवर खाटेशेजारी खुर्चीचे भांडे ठेवू का, असे विचारले तर त्या म्हणाल्या, ‘देवघर आहे त्या खोलीत?’ तो विषय तेथेच संपला. खाली राहायला यायलाही तयार नाहीत. मग माडीच्या मागच्या बाजूला, जेथे पूर्वी जळण ठेवत असू, तेथे पडदा लावून ती खुर्ची ठेवली आहे आणि वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला आहे. देवघराकडे पाठ होते, म्हणून ही जागा त्यांनी मान्य केली.

आंघोळ दिवसाआड करणे हा नाइलाज होता, पण आताचा नाही. पाणी डोक्यावरून वाहून आणायचे दिवस होते तेव्हापासून एक दिवस आंघोळीचा आणि एक दिवस धुण्याचा, अशी वाटणी त्यांनी केली होती. पिंपे भरलेली असली तरी त्यांचे मन ती वाटणी सोडत नाही, आणि ‘आता त्यातच बरे वाटते’ असे त्या म्हणतात. तेव्हा नाइलाज म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे आवड होऊन बसते, हे माझ्या मूळ प्रश्नात मी धरलेच नव्हते. मी ते तसेच राहू दिले आहे.

गाऊनचा नकार पुरता कळला. आईंचा उजवा खांदा वर जात नाही. गाऊन डोक्यावरून घालावा लागतो. त्यांची खणाची चोळी पुढून गाठ मारायची असते आणि इरकल लुगडे नेसताना उजवा हात उंचवावा लागत नाही. डोक्याला तेल का लावत नाहीत, याचेही उत्तर त्याच खांद्यात होते. मी गाऊन ‘सोयीचा’ म्हणून आणला होता!

परवा त्यांच्या सोबत मोरीत बसले. त्यांनी वज्रीने टाच घासली, आधी डावी, मग उजवी. उजवी घासताना पाय मांडीवर येईना, तेव्हा भिंतीला पाठ लावून त्यांनी तांब्या उपडा केला आणि टाच त्यावर टेकवली. टाचेच्या कडेला बोटभर लांबीची भेग होती आणि तिच्यात काजळीसारखी काळी रेघ होती. ती मी याआधी पाहिली नव्हती. त्यांनी माझ्या हाती वज्री दिली नाही, पण पाय पुसून झाल्यावर भेगेत तेल मला भरू दिले. त्यानंतर डोक्याला तेल लावू का, असे विचारले, तर ‘शनिवारी लाव’ म्हणाल्या.

पूर्व_भाग

खांद्याचा मुद्दा वाचून आजोबांकडे पुन्हा पाहिले. ते दाढीसाठी नाभिकाला घरी बोलावतात, त्याला आम्ही चैन समजत होतो. आजोबांचा हातही थरथरतो.

जुनी_मिल

तांब्या उपडा करून त्यावर टाच ठेवणे धोक्याचे आहे, तो घरंगळतो. लाकडाचा जाड पाट, खाली रबराचे तुकडे ठोकलेला, सुतार अर्ध्या तासात करून देतो. माझा नऊ इंच उंच आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांचे माप घेऊन मगच सांगावा.

कडक_भाकरी (धागाकर्ती)

पाट सांगितला आहे. माप घेताना आईंनी विचारले की हे सगळे कोणाला सांगत असतेस, म्हणून हा धागा त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला. त्यांनी मध्येच एकदा थांबवले. ‘अर्ध्या बादलीत उरकतात’ हे चुकीचे असून त्या पाऊण बादली घेतात, आणि ती दुरुस्ती येथे करावी, असे त्यांनी सांगितले आहे. जुनी_मिल काकांना त्यांनी विचारले आहे की पाटाला कडेला धरायला खाच ठेवली आहे का, कारण नसेल तर ओल्या हातातून तो उचलता येणार नाही.